तेविसावी पायरी

११ फेब्रुवारी

रंगबाईंना,
सप्रेम नमस्कार.

धप्, धप्, धप्, आणि मग एक थबकणं. सातवीची पोरं जिना चढायची तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एरवी शाळेचा जिना म्हणजे नुसता गडगडाट. पण वसंताच्या आठवड्यात प्रत्येक जण आपापल्या पायरीशी थांबायचा, वाकून आपल्या चार ओळी मोठ्याने वाचायचा आणि मगच पुढे जायचा. मागचा ओरडायचा, "अरे चल की, तुझी कविता आहे का महाकाव्य?" बेचाळीस पायऱ्या आणि बेचाळीस कविता. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत अख्खा वर्ग एकमेकांच्या ओळी तोंडपाठ म्हणत असायचा.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट बाजूला ठेवलं असेल. निदान फाडू नका. पत्ता शिपाईमामांकडून मिळाला. तोही जुनाच आहे म्हणाले, "पण बाई घर बदलणाऱ्यातल्या नाहीत."

मी बरा आहे. सत्तर पूर्ण झाली. गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे, आणि गुडघ्यांचं दुःख जिन्यावाचून दुसऱ्या कुणाला सांगायचं? सूनबाई म्हणते, "बाबा, एवढी पानं खरडण्यापेक्षा सरळ फोन करा ना." मी म्हटलं, फोनवर खाडाखोड करता येत नाही.

बाहेर झाडांना पालवी फुटायला लागली की मला तो आठवडा आठवतो. सोमवारी टोप्या. घरातल्या टाकाऊ वस्तूंची टोपी करून मिरवायचं. एका पोराने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा मुकुट केला होता आणि दिवसभर त्याच्या कपाळावरून थेंब ओघळत होते. मंगळवारी उलटा दिवस. पोरं खुर्चीत, आपण बाकांवर. एका वर्षी हेडमास्तर झालेल्या चिमुरडीने खऱ्या हेडसरांना "कोपऱ्यात उभे राहा, गप्पा मारता" म्हणून सुनावलं, आणि ते बापडे खरंच जाऊन उभे राहिले. आणि बुधवारपासून आपला जिना. मी ओळी तपासून द्यायच्या, तुम्ही मुलांना हाताशी घेऊन पायरीच्या उभ्या बाजूवर त्या रंगवायच्या. तुम्ही म्हणायचात, "मास्तर, पायरी वीतभर, तुमच्या मुलांचा वसंत हातभर. कापा की थोडा."

मी कापायचो. कापण्यात माझा हातखंडा होता.

शाळेने यंदा वसंताच्या कार्यक्रमाला बोलावलंय. चौदा मार्चला. माझा सत्कार आहे. तुम्हीही यावं असं मला वाटतं. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, असं मी ठरवलंय. दोन म्हातारी माणसं एकमेकांशेजारी बसली, पुरे.

तुमचा,
मास्तर


२२ फेब्रुवारी

रंगबाई,
नमस्कार.

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो होतो असंही नाही. तरी रोज अकराच्या सुमारास पत्रपेटी उघडून बघतो. शेजारचे इंजिनिअर परवा म्हणाले, "काका, कुणी पेन्शन बुडवलीय का तुमची?"

माझी नात यंदा सातवीत आहे, त्याच शाळेत. तिला एकतिसावी पायरी मिळाली. नवीन बाई तरतरीत आहेत, भाषाही शिकवतात आणि रंगही त्याच आणतात. आपल्याला जे दोघांना जमायचं ते त्या एकट्या करतात. दर वसंतात सगळ्या पायऱ्या पांढऱ्या करून नव्याने लिहितात, ती पद्धत तशीच आहे. फक्त एक पायरी पुसत नाहीत.

हे तुमच्या कानावर आलं आहे की नाही, मला माहीत नाही. तेविसाव्या पायरीवर त्यांनी काचेसारखी पारदर्शक पट्टी बसवलीय, चारही कोपऱ्यांत स्क्रू. आत तुम्ही रंगवलेल्या चार ओळी, त्यांच्यावरची ती पिवळी वेल, आणि खाली त्या मुलीचं नाव. वर्ष लिहिलंय. एकोणीस वर्षं झाली. संगीताच्या सरांनी त्या ओळींना चाल लावली आहे आणि दर वसंतात आठवड्याची सुरुवात त्या गाण्याने होते. नात जेवताना म्हणून दाखवते:

वसंत येतो खिडकीमधुनी
लेवुन सोनकिरणांचे लेणे
मी हाक मारता फुलाफुलांना
फुले गाती माझेच गाणे

चाल गोड आहे. गाणं संपायच्या आत मी ताट उचलतो.

त्या पायरीवरच्या मुलीला वर्गात सगळे 'टाचणी' म्हणायचे. ती बारीक होती म्हणून, आणि टोचून बोलायची म्हणूनही. मला 'यमकसर' हे नाव तिनेच पाडलं असावं असा माझा संशय आहे. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. घरी जायची घंटा झाली की सगळी पोरं सुटायची, ही दप्तर भरायला पंधरा मिनिटं लावायची. मी म्हणायचो, "टाचणे, तुझ्या दप्तरात काय अख्खी शाळा भरतेस?" ती म्हणायची, "हो सर, निम्मी राहिलीय."

वसंताच्या आठवड्यानंतर सुट्टी लागली, तिच्या दुसऱ्याच दिवशी ती राहत्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडली आणि गेली. दाराला बाहेरून कुलूप होतं. बाप पोलिसांना म्हणाला, तिच्या आईने कामावर जाताना सवयीने लावलं असेल, विसरभोळी आहे. आई म्हणाली, मी लावलं नाही. बाप बँकेत नोकरीला होता, इस्त्रीच्या कपड्यांत बोलायचा. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात पाळ्या करायची. कुणाचं खरं मानलं गेलं ते तुम्ही पाहिलंत. निष्काळजीपणाबद्दल आईला आठ महिन्यांची शिक्षा झाली.

त्या ओळींवरून माझा हात फिरला होता, एवढं तुम्हाला ठाऊक आहेच. पण सगळ्यांच्याच ओळींवरून फिरायचा. सातवीतल्या मुलांच्या ओळी म्हणजे न विंचरलेले केस. मास्तराने भांग पाडून द्यायचा नाही तर कुणी?

चौदा तारखेला मी तेविसाव्या पायरीशी उभं राहून ती कविता म्हणायची आहे. पत्रिकेत तसं छापलंय.

मास्तर


३ मार्च

रंगबाई,

काल एक गोष्ट घडली. ती सांगतो, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी सांगावी लागेल. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, एक अक्षर बोलणार नाही. ते जमत नाही.

नात पायरीसाठी ओळी जुळवत बसली होती. मी म्हटलं, दाखव, बघू. तिने वही छातीशी धरली. म्हणाली, "नको आजोबा, तुम्ही छान करून टाकाल."

मी हसलो. म्हटलं, छान केलेलं वाईट का?

ती म्हणाली, "ती तेविसाव्या पायरीची कविता आहे ना, ती कुणीतरी छान केलेली आहे. आम्ही वर्गात ठरवलंय. बारा वर्षांची मुलगी सोनकिरणांचं लेणं कशाला म्हणेल? आम्हाला लेणं म्हणजे काय ते बाईंना विचारावं लागलं."

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, जुन्या काळातली मुलं हुशार असायची." नात म्हणाली, "हुशार असती तर असं लिहिलं नसतं."

मी उठून गॅलरीत गेलो. कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतंच.

तर ऐका. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुमच्याकडे असावं.

टाचणीने वहीत लिहिलेल्या ओळी अशा होत्या:

वसंत खिडकीतून येतो
कारण दाराला बाबा बाहेरून कुलूप लावतात.
मी हाका मारत नाही.
हाका मारल्या की आई यायच्या आत मार मिळतो.

मी आयुष्यभर मुलांकडून पाठांतर करून घेतलं. माझं सगळ्यात पक्कं पाठ एवढंच आहे.

ते वाचलं तेव्हा मला काय वाटलं हे खरं सांगतो. मला वाटलं, गद्य झालंय. दुसऱ्या ओळीत 'कारण' आलंय. मी वर्गात नेहमी सांगायचो, कवितेत कारणं द्यायची नसतात. लाल शाईने 'कारण'भोवती गोल केला. पुढचं सगळं खोडून शेजारी माझ्या ओळी लिहिल्या, आणि तिला म्हटलं, "बघ, खिडकी तुझीच ठेवलीय." ती वहीकडे बघत राहिली. म्हणाली, "मग या ओळी कुणाच्या, सर?" मी म्हटलं, "तुझ्याच. फक्त नीट उभ्या केल्यात." बाकाबाकांतून हशा झाला. तीही हसली असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ती हसली नव्हती.

मधल्या सुट्टीत तुम्ही वह्या न्यायला आलात. वही उघडून उभ्याच राहिलात. म्हणालात, "मास्तर, खोडलेलं वाचलंत का तुम्ही?" मी म्हटलं, वाचल्याशिवाय कसं खोडेन? तुम्ही म्हणालात, "हिच्या आईला बोलावूया. बापाला नको, आईला." आणि मी, चहाचा कप हातात, सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं म्हणालो, "कविता आहे बाई, पोलीस पंचनामा नाही." सगळे हसले. चांगलं वाक्य जमलं म्हणून मीही खूश झालो. पेपर तपासायचे होते, सुट्टी तोंडावर होती. तुम्ही म्हणालात, सुट्टीनंतर तरी बोलू. तुम्ही तिच्याबरोबर बसून ती पिवळी वेल काढलीत.

सुट्टी संपली तेव्हा वह्या परत माझ्याकडे आलेल्या होत्या. चौकशीचे साहेब यायच्या आदल्या सकाळी मी ते पान फाडलं. शिवणीतून, जपून, दुसऱ्या बाजूचं पान सुटू नये म्हणून. मास्तराची सवय. शाळेच्या मागे पालापाचोळा जाळत होते त्यात टाकलं. तुम्ही साहेबांना सांगितलंत की मूळ ओळी वेगळ्या होत्या, बाप कुलूप लावायचा असं मुलीने स्वतः लिहिलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असं काही नव्हतं. बाईंचा तिच्यावर जीव होता. धक्क्याने माणसाला भास होतात." हेडसर म्हणाले, साहजिक आहे. बापाने तुमच्यावर बदनामीची नोटीस काढली. शाळेने तुमच्याकडून राजीनामा घेतला. तुम्ही जाताना तुमचे ब्रश तुरटीच्या रिकाम्या डब्यात ठेवून कपाटावर ठेवलेत, माझ्याकडे पाहिलं नाहीत.

मी का केलं? बापाला घाबरून नाही. नोकरीला घाबरूनही नाही, मला सात वर्षं उरली होती आणि मास्तर म्हणून माझा दबदबा होता. एका पोरीने मला सगळं सरळ शब्दांत सांगितलं आणि मी त्याला यमक जुळवलं, हे कुणाला कळू नये म्हणून. एवढंच. याच्यासाठी एक बाई आठ महिने आत बसली, आणि बाहेर आल्यावर लोक तिला लेकीला कोंडून मारणारी म्हणाले.

आता चौदा तारखेला मी काय म्हणू ते तुम्ही सांगा. पायरीवरच्या ओळी म्हणू, की तिच्या? तुम्ही सांगाल तसं करीन. एका ओळीचं कार्ड पाठवा. 'खरं बोला' एवढं लिहिलंत तरी मी बोलेन.

मास्तर


१३ मार्च

रंगबाई,

कार्ड आलं नाही. पेटीत फक्त गॅसवाल्याचं पत्रक होतं.

न सांगता करायचं ठरवलंय. आरशासमोर उभं राहून दोनदा म्हणून पाहिलं. सूनबाईने दार वाजवलं, "बाबा, कुणाशी बोलताय?" म्हटलं, भाषणाची तयारी. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला लागते तयारी? तुम्ही उभे राहिलात की बोलताच."

तेच तर.

उद्या आलात तर मागच्या रांगेत बसा. मला दिसला नाहीत तरी चालेल.


१६ मार्च

रंगबाई,

तुम्ही आला नव्हता. चारदा रांगा पाहिल्या.

जिना सुरेख सजवला होता. कठड्याला कागदी पाखरं, प्रत्येकाच्या पंखावर एकेक शब्द. वारा आला की वाक्यं बदलत. मुलांच्या डोक्यांवर टोप्या होत्या, एकीने तर जुन्या कीबोर्डची कळ न कळ ओवून टोपी केली होती. मला वाटलं, इथे खरं बोलणं किती सोपं आहे. इथे सगळं मुलांनी केलेलं आहे, वेडंवाकडं, कुणी न खोडलेलं.

मला धरून तेविसाव्या पायरीपर्यंत नेलं. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "ज्या सरांनी या मुलीतली कविता ओळखली." टाळ्या. हातात माइक आला. खाली दीडशे पोरं माना वर करून बघत होती, त्यांत माझी नात.

मी म्हणालो, "वसंत खिडकीतून येतो." तिचीच ओळ, तिच्याच शब्दांत. पुढचा शब्द 'कारण'. तो जिभेवर आला होता, शपथेवर सांगतो. तेवढ्यात संगीताच्या सरांना वाटलं मी चाल विसरलो, आणि त्यांनी पेटीवर सूर दिला. पोरांनी उचललं. सोनकिरणांचे लेणे. आणि मी, बाई, त्यांच्याबरोबर गायलो. हातानं ताल धरला. आवाज चांगला लागला होता असं सगळे म्हणाले.

फुलांचा गुच्छ मिळाला आणि त्याच ओळींची चौकट. चौकट सूनबाईने बैठकीत लावली. नात त्या चौकटीकडे पाठ करून बसते.

सूर दिला नसता तर बोललो असतो, असं लिहिणार होतो. पण तुमच्याशी तरी खोटं नको. गाणं संपलं तेव्हाही माइक माझ्याच हातात होता.


२३ मार्च

रंगबाई,

हे शेवटचं पत्र. तुम्ही माझी पत्रं वाचत नसाल, हे आता मला कळलं आहे. कदाचित तुम्ही नसालही. शिपाईमामांना विचारायचा धीर होत नाही. मी मेल्यावर ते गाणं चालूच राहील. ती काच निघणार नाही. पुढच्या वसंतात आणखी चाळीस पोरं ते पाठ करतील, आणि त्यांच्यातल्या एखादीला वाटेल की खिडकी, कुलूप असलं काही कवितेत लिहायचं नसतं. मी शिकवायचं थांबवून बारा वर्षं झाली आणि माझं शिकवणं चालूच

दाराची घंटा वाजली. सूनबाई उघडतेय. जरा थांबतो.

*

पुढचं घाईत लिहितोय.

सूनबाई आत येऊन म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे एक बाई आल्यात." मी विचारलं, रंगबाई? ती म्हणाली, "नाव नाही सांगितलं. वयस्कर आहेत, हातात पत्र आहे." मी शर्टाची बटणं लावत बाहेर गेलो. तुम्ही नव्हता.

उंबऱ्याबाहेर पासष्टीची बाई उभी होती. हात कोपरापर्यंत लाल, सोलवटलेले. असे हात मी पालकसभेत एकदाच पाहिले होते. हातात माझं तीन तारखेचं पाकीट. त्यावरचा तुमचा पत्ता एका रेघेने खोडलेला, आणि बाजूला तुमच्या त्या गोल अक्षरांत तिचा.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी तिची आई. बाई महिन्यातून एकदा येतात माझ्याकडे, एकोणीस वर्षं. या खेपेला आल्या नाहीत, हे पाठवलं."

सूनबाईने खुर्ची पुढे केली. ती बसली. भिंतीवरची चौकट तिच्या बरोबर समोर आली. तिने ती वाचली, अगदी सावकाश, आणि खाली लेकीचं नाव आहे तेही वाचलं. नात आतून येऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, पत्र वाचलंत ना. म्हणाली, "वाचलं. मला वाचता येतं. पण तिच्या ओळी तुम्हाला पाठ आहेत असं लिहिलंय तुम्ही. त्या तुमच्या तोंडून ऐकायला आलेय. या सगळ्यांच्या देखत. मग बाहेर रिक्षा थांबवलीय, तिच्यातून कुठे जायचं ते सांगते."

मी म्हटलं, चष्मा घेऊन येतो, आणि आत आलो. चष्मा माझ्या डोळ्यांवरच आहे. तिने पाहिलाय.